आमच्या गांवचा गुत्ता

ह्या लेखाचा मथळा वाचून कित्येक घरांत वडील मंडळींच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणून आहों. आमच्या घरांतहि हा शब्द उच्चारण्याची बंदी होती. आमची आजी त्या जागेस ‘तिकडचें तें’ एवढेंच म्हणे, आणि तेवढें म्हणून झाल्यावरहि हात धुवी. परंतु खरें सांगावयाचें तर आम्हीं धुळाक्षरें गिरविलीं तीं ह्याच गुत्त्यांत. पाढे पाठ केले ते ह्याच गुत्त्यांत. आणि पुढें बारा वर्षें मास्तरकी केली तीहि त्याच्याच ओट्यावर बसून. तेव्हां त्याचा वृत्तांत लिहिण्याचा अधिकार आमच्याइतका दुसऱ्या कोणाचा असेल असें वाटत नाहीं.

आमचें गांव बीड जिल्ह्यांत, बालाघाटच्या डोंगररांगांत, अंबाजोगाईहून पायीं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. मुकुंदराज आणि दासोपंत ह्यांच्या समाधींनीं पावन झालेल्या त्या क्षेत्रास निजामी अमदानींत मोमिनाबाद म्हणत, आणि तेथें हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी असे. छावणीकडे जाणारी एक वाट आमच्या ओढ्याकांठानें जाई. ओढ्यास शिंदीचें बन होतें. जेथें वाट आहे, तहानलेला वाटसरू आहे आणि शिंदी आहे, तेथें गुत्ता झाला ह्यांत नवल तें काय?

इमारत म्हणाल तर दगडमातीचें एक दालन, पुढें पडवी, पडवींत हातभर उंचीचा दगडी ओटा. दालनाच्या मागच्या अंगास जमिनींत रांगेनें खळगे होते. त्यांत शिंदीचीं मडकीं ठेवीत. सन १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर गुत्ता पुन्हां बसला नाहीं, आणि ओस पडलेल्या त्या घरांत कांहीं वर्षांनीं शाळा भरूं लागली. गुत्तेदाराच्या ओट्यावर गुरुजी बसूं लागले. खळगे मुरमानें बुजविले होते खरे, पण पावसाळ्यांत ते खचत, आणि एकेका खळग्यांत एकेक मूल अगदीं मापानें बसे. गांवच्या जिभेला मात्र नवें नांव वळलें नाहीं. ‘पोरगं कुठं हाय?’ असें विचारल्यास आई शेतांतून ओरडून सांगे, ‘गुत्त्यात गेलंय!’ एकदां एक नवे इन्स्पेक्टरसाहेब ही हांक ऐकून वाटेंतच थबकले होते, असें आमचे गुरुजी सांगत.

गुत्ता हा शब्द मूळचा बदनाम नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता. मराठवाड्यांत रस्ते-पूल बांधणाऱ्या कंत्राटदारास आजहि गुत्तेदारच म्हणतात, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. शिंदी वा दारू विकण्याचा मक्ता ज्यानें सरकारांतून घेतला तो गुत्तेदार. आणि मक्ता चाले तें दुकान म्हणून पुढें दुकानासच गुत्ता म्हणूं लागले. दर सालीं त्याची हर्रास होई. निजाम सरकारच्या तिजोरीस जमीनमहसुलाच्या जोडीनें मोठा आधार होता तो ह्या अबकारीचा. प्रजा जितकी अधिक झिंगेल तितका राजा सुखी, असा तो मामला होता. आणि अशा मिळकतीवर चालणारीं सरकारें त्याच काळीं होतीं असें नव्हे.

आमचे आजोबा गांवचे पटवारी. ते वेदपाठी नव्हते, परंतु अमरकोश व पंचमहाकाव्यें त्यांस मुखोद्गत होतीं, आणि आमची संस्कृताची गोडी त्यांचीच देणगी. अमरकोश म्हणवून घेतांना मद्याचीं नांवें येत तीं ते गाळीत नसत. सुरा, हाला, वरुणात्मजा, कादंबरी. बलरामास प्रिय म्हणून हलिप्रिया. आणि विकणारा तो शौंडिक. ‘म्हणजे आपल्या गुत्त्यांतला?’ असें आम्हीं एकदां भीत भीत विचारलें. आजी स्वयंपाकघरांत होती, तिकडे एक नजर टाकून ते म्हणाले, ‘होय, पण शब्द विटाळत नाहीं, बाळ. पुढें म्हण.’

पुढें त्यांच्याजवळच आम्हीं शाकुंतल वाचलें. सहाव्या अंकांत राजाची अंगठी सांपडलेला तो कोळी बक्षिसांतील अर्धा वांटा शिपायांस देतो, आणि घटकेपूर्वीं ज्यांनीं त्याच्या मुसक्या बांधल्या तेच लोक नव्या मैत्रीला साक्ष हवी म्हणून त्यास घेऊन शौंडिकाच्या दुकानाकडे वळतात. आजोबा ह्या ठिकाणीं मिशींतल्या मिशींत हंसत. कौटिल्यानें तर सुराध्यक्ष नांवाचा अधिकारीच नेमून दिला आहे. पानगृहांत निरनिराळीं दालनें असावीं, त्यांत आसनें आणि शय्या, सुगंध, पुष्पमाला, पाणी, सर्व ऋतूंत सुख होईल अशी सोय असावी, असें तो म्हणतो. आमच्या गुत्त्यांत ह्यांपैकीं पाणी तेवढें होतें, आणि तें बहुधा शिंदींत घातलेलें असे.

शिंदीचें झाड म्हणजे खजुराची रानटी बहीण. हिवाळा हा तिचा हंगाम. शेंड्याखालीं कोंवळ्या भागांत खोडास तासून खाच पाडावयाची, तीवर नळी बसवावयाची आणि तिन्हीसांजा मडकें टांगावयाचें. रात्रभर थेंब थेंब रस ठिबकतो. पहांटे उतरवून लगेच प्यालें तर ती नीरा. गोड, थंड आणि निरुपद्रवी. मडक्यास आंतून चुना लावला असेल तर ती थोडी टिकते. एरवीं ऊन चढूं लागलें कीं फसफसते, आणि दुपारपर्यंत तिची शिंदी होते. एके सालीं एका अंगास खाच पाडली तर पुढील सालीं दुसऱ्या अंगास, असा क्रम असल्यामुळें जुन्या झाडाचें खोड नागमोडी दिसतें, आणि खाचा मोजून त्यास किती हंगाम मडकें लागलें तें सांगतां येतें. हें काम कलाल करी. कमरेस व झाडास मिळून दोराचा वेढा, पाठीस मडकें, कमरेस कोयता; एवढ्या बळावर तो चढे. दोर तुटला कीं संपलें.

गुत्ता जुना असला म्हणजे त्यास दंतकथा फुटतातच. सर्वांत गाजलेली कथा सवाराची. छावणीचा एक सवार उन्हाळ्यांत तहानेनें व्याकुळ होऊन आला. जवळ पैसा नव्हता. तलवार गहाण टाकून सात मडकीं प्याला, ‘उद्यां सोडवून नेतों’ म्हणून गेला, तो परत आला नाहीं. तलवार दालनांत आढ्यास टांगलेली होती, आणि अमावास्येस ओढ्याकडून घोडा खिंकाळतो. घोडा आम्हीं ऐकला नाहीं. तलवार मात्र पुढें पाहावयास मिळाली. कलालाच्या नातवानें ती आम्हांस मोठ्या भक्तीनें दाखविली. वीतदीड वीत लांबीचें, पातळ, किंचित् वांकडें पातें! शिंदी छेदण्याचा तो कोयता होता. एवढ्या तलवारीनें सवारास आपली दाढीहि नीट करतां आली नसती.

दुसरी कथा हरिदासाची. कार्तिकी एकादशीस पंढरीची वाट चुकलेला एक हरिदास अवकाळी पावसांत सांपडून, जागा न ओळखतां, गुत्त्याच्या पडवींत शिरला. पिणाऱ्यांनीं थट्टेनें ‘बुवा, कीर्तन होऊं द्या’ म्हटलें. बुवांनीं पदर खोंचला आणि पहांटेपर्यंत कीर्तन केलें. मडकीं तशींच राहिलीं आणि सकाळीं पाहतात तों सर्वांतील शिंदीची पुन्हां नीरा झालेली! रसायनशास्त्रास हें मान्य होण्यासारखें नाहीं. परंतु कार्तिकी एकादशीस आमचा गुत्ता बंद असे, एवढें आमच्या वडिलांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें होतें.

ह्या कथा सांगतांना गुत्त्याचें कौतुक करण्याचा आमचा हेतु आहे असें कोणीं समजूं नये. बाजारच्या दिवशीं बायका कडेवर पोर घेऊन त्या पडवीसमोर उन्हांत तासन्‌तास उभ्या राहत, नवऱ्याच्या मुठींतील मजुरी सुटण्यापूर्वीं चार आणे तरी हातीं यावे म्हणून. त्यांची कथा मात्र गांवांत कोणी सांगत नाहीं. आमच्या आईनें त्यांपैकीं एकीस शेवटपर्यंत दळण दिलें.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे वळूं.

गुत्त्यामागील बनाची जागा आज नुसतें माळरान आहे. तिला आमच्याकडे ‘एकेचाळीस’ म्हणतात. ‘जनावरें एकेचाळिसांत चरतात’ असें कोणीहि सहज बोलेल. हें नांव सन १९४१ वरून पडलें असावें अशी आमची अनेक वर्षें समजूत होती. त्या सालीं तेथें काय घडलें ह्याचा शोध करण्यांत आम्हीं पुष्कळ वेळ व्यर्थ दवडला. आमच्या लहानपणीं त्या माळावर शिंदीचें एकच झाड उभें होतें. गुरुजी आम्हांस त्याच्या खाचा मोजावयास लावीत, सतरा भरत. सन १९७२ च्या दुष्काळांत तें वाळलें आणि पुढल्या वळवाच्या वाऱ्यानें पडलें.

तें एकटें कसें राहिलें, ह्याच्या तीन कथा होत्या. कोणी म्हणत, त्यांत आसरा होत्या. कुऱ्हाड उडून परत आली. कोणी म्हणत, कलालाची विधवा त्यास मिठी मारून बसली. कोणी म्हणत, तेवढ्यांत पोलिसांची चाहूल लागली म्हणून मंडळी पळाली.

सन १९४७ च्या ऑगस्टांत देश स्वतंत्र झाला, परंतु निजामानें आपलें संस्थान वेगळें ठेविलें. स्टेट काँग्रेसनें लढा पुकारला होता. तिचे अध्वर्यु स्वामी रामानंद तीर्थ पूर्वीं अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेंत मुख्याध्यापक होते, त्यामुळें आमच्या भागांतील पुष्कळ तरुणांस ते नुसते पुढारी नव्हेत, तर गुरुजी होते. निजामाचें उत्पन्न तोडावें म्हणून गांवोगांव शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम निघाला. झाडामागें सरकारास फाळा मिळे. अबकारीचे लोक येऊन झाडांस आकडे टाकीत, पटवारी यादी लिही, आणि आकडा पडल्यावांचून झाडास मडकें लावावयाचें नाहीं असा नियम. झाड पाडलें कीं फाळा बुडाला. सत्याग्रह दारूविरुद्ध थोडा आणि तिजोरीविरुद्ध फार होता.

आमच्या गांवची झाडें त्या हिवाळ्यांत एका रात्रींत पडलीं. पाडणाऱ्यांत आमचे थोरले काका होते, वय बावीस. त्यांचे वडील निजामाचे पटवारी, आणि सकाळीं त्याच पडलेल्या झाडांचा पंचनामा लिहिण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्यांनीं तो लिहिला. काका त्यापूर्वींच सरहद्दीपलीकडील छावणींत निघून गेले होते. पोलिस कारवाई होऊन १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी संपली, तेव्हां ते परत आले. बापलेकांत त्या रात्रीविषयीं शब्द निघाल्याचें घरांत कोणी ऐकलें नाहीं.

आजोबांच्या दप्तराविषयीं आमच्या घराण्यांत एक अभिमान होता. ‘माझ्या दप्तरांत खाडाखोड दाखवा आणि एक रुपया हाली घेऊन जा’ असें ते म्हणत, आणि तो रुपया कोणासहि मिळाला नाहीं. सरकार परकें असो, जुलमी असो, लिहिलेलें खरेंच असलें पाहिजे, हा त्यांचा बाणा. सन १९७८ मध्यें ते गेले तेव्हां ‘अक्षर शुद्ध, हिशेब शुद्ध’ असें सर्व गांव म्हणाला. आम्हीं स्वतः हें वाक्य वर्गांत मुलांस किती वेळां सांगितलें असेल ह्याची गणती नाहीं.

सन १९९६ च्या पावसाळ्यांत, निवर्तण्यापूर्वीं दोन महिने, काकांनीं आम्हांस जवळ बसवून त्या रात्रीची हकीकत सांगितली. मंडळी कुऱ्हाडी घेऊन मारुतीच्या पारामागें जमलीं होतीं. काका घरून निघतांना दिंडीदरवाजांत आजोबा उभे. काकांस वाटलें, आतां हात धरतील. आजोबा हलक्या आवाजांत एवढेंच बोलले: ‘चाळीस तोडा. ओढ्याच्या वळणावरच्यास हात लावूं नका. त्याच्यावर निजामाचा हक्क नाहीं.’

‘म्हणजे काय?’ काकांनीं विचारलें.

‘त्यास आकडा नाहीं,’ आजोबा म्हणाले, आणि दिंडी लावून आंत गेले.

उलगडा काकांस पुढें कलालणीकडूनच झाला. गुत्तेदार हा बाहेरगांवचा पैसेवाला. हर्रास तो धरी. झाडावर चढणारा कलाल त्याचा मजूर. हा कलाल एका हिवाळ्यांत दोर तुटून पडला आणि गेला. मागें बायको आणि रांगता मुलगा. गुत्तेदारानें दुसरा माणूस लाविला; हिला कांहीं दिलें नाहीं. पुढल्या सालीं आकडे टाकावयास अबकारीचे लोक आले तेव्हां ऊन फार झालें होतें; वळणापलीकडे आतां झाड नाहीं, असें पटवाऱ्यानें सांगितलें आणि त्यांनीं तें मानलें. त्या दिवसापासून तें एक झाड तिचें. तिचा भाऊ मडकें लावून जाई. ती नीरा आटवून थोडा गूळ करी, आणि उरलेल्याची शिंदी गुपचूप विकी. खोटें कशाला सांगावें? एका झाडावर घर चालत नाहीं, पण मीठमिरची निघते.

काका गेल्यावर तेरावा होतांच आम्हीं माळ्यावरून आजोबांचें दप्तर उतरविलें. मोडी त्यांनींच आम्हांस शिकविली होती. फसली १३५६ ची यादी सांपडली. शिंदी नंबरी झाडें, आणि पुढें आंकडा: ४०. सुरेख, सरळ अक्षर. परंतु कागद उजेडासमोर धरला तेव्हां आंकड्याच्या जागीं तो पातळ दिसला. अगोदर लिहिलेलें कांहीं तरी चाकूच्या पात्यानें हळुवार खरवडून काढून त्यावर हा आंकडा लिहिलेला होता. मागील सालच्या याद्या काढल्या. प्रत्येक सालीं हीच जागा, हाच पातळपणा. दर वर्षीं हात आधीं खरें लिहून जाई आणि मग तें खरवडी, असें दिसतें. गांव मात्र तें झाड धरून मोजीत आला, आणि माळाच्या नांवांत तें मोजमाप राहून गेलें.

दप्तर बांधून ठेविलें. कित्येक दिवस आम्हांस आजोबांचा राग आला होता, हें येथें कबूल करतों. त्यांनीं झाड सोडलें ह्याचा नव्हे. आम्हांस घडविलें तें ‘हिशेब शुद्ध’ ह्या वाक्यानें. त्या वाक्यावर आम्हीं एकदां एका गरीब मुलाची एक दिवसाची हजेरी मांडण्याचें नाकारलें होतें आणि त्यामुळें त्याची शिष्यवृत्ति बुडाली. ही गोष्ट आजोबा हयात असतांना घडली असती तर त्यांनीं आम्हांस काय सांगितलें असतें, तें आतां कळावयास मार्ग नाहीं.

सन १९९३ च्या भूकंपांत गुत्त्याच्या भिंतीस तडा गेला आणि शाळा नव्या इमारतींत गेली. पडवी व ओटा तेवढा उभा आहे. सन २०२३ मध्यें मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्तानें गांवच्या तरुणांनीं तेथें फलक लावावयाचें ठरविलें आणि मजकूर आमच्याकडे मागितला. काय लिहावें? झाडें तोडल्याचें लिहावें तर संख्या आली; आणि खरी संख्या लिहावी तर आजोबांच्या दप्तरावर, आमच्या घराण्याच्या एकुलत्या एका मिळकतीवर, आमच्याच हातानें शाई सांडली. शेवटीं कलालाच्या नातवाकडे गेलों. तो आमचाच विद्यार्थी. आतां त्याचें खतांचें दुकान आहे. त्यास सारें सांगितलें. त्याची आजी त्याला कधीं बोलली नव्हती. बराच वेळ तो कांट्यावरचीं वजनें नुसतीं उचलून ठेवीत राहिला. मग म्हणाला, ‘मास्तर, लिवा. पण त्या झाडाचा आकडा नव्हता, हे लिवूं नका. कुणी सांगावं, फाळा व्याजासकट मागतील.’ आणि आम्ही दोघेहि हंसलों.

आम्हीं कागदावर लिहून दिलें: ‘येथील ४१ शिंदीच्या झाडांपैकीं ४० झाडें स्वातंत्र्यप्रेमी तरुणांनीं तोडलीं.’ बाकीचें वाचकांनीं आपल्या जिज्ञासेनें विचारावें, असा विचार केला. परंतु रंगाऱ्यास दोन आंकडे ही मास्तरांची चूक वाटली असावी. फलकावर त्यानें सुबक अक्षरांत ‘येथील ४१ झाडें तोडलीं’ असें लिहून टाकलें. दुरुस्तीसाठीं त्यास निरोप धाडला, तेव्हां पांढरा रंग संपला आहे, दिवाळीनंतर येतों, असें उत्तर आलें. त्यावर दोन दिवाळ्या झाल्या. आम्ही रोज सायंकाळीं फिरावयास त्याच ओट्यावर जाऊन बसतों. फलक पाठीमागें असतो.